दोन चौकटींमधली जागा

त्या बुधवारी अमरावतीची गाडी कारंज्याला आली नाही. त्यामुळे पेपर आला नाही. सरांनी शाळेच्या फळ्यावर तीन चौकटी काढल्या, त्यांच्या आत काही काढलं नाही, आणि खाली प्रश्न लिहिला. पुढच्या सोमवारी दोन माणसं शाळेत आली. त्यानंतर सरांनी आमच्या शाळेत शिकवलं नाही.

सर नववी-दहावीला मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवत. मी विज्ञान शिकवत असे. मी अमरावतीहून नव्यानेच आले होते आणि गावात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत माझं टेबल खिडकीजवळ, सरांचं दाराजवळ. दाराजवळची जागा त्यांनी मागून घेतली होती. काही झालं तर आधी बाहेर पडता येईल, असं त्यांचं म्हणणं. काय होणार होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

इतका घाबरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. खोलीला कुलूप लावून ते कोपऱ्यापर्यंत जात आणि कुलूप ओढून बघायला परत येत. एस.टी.त बसल्यावर पाटी वाचलेली असूनही कंडक्टरला गाडी कुठे जाते ते विचारत, आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा विचारत. चैत्रातही त्यांच्या हातात छत्री असे. शाळेत खिळा ठोकायचा असला तरी ते हेडमास्तरांकडे अर्ज देत. हेडमास्तर तो न वाचताच सही करत आणि म्हणत, "सर, तुम्ही श्वास घेता त्याचाही अर्ज देत जा एकदाचा." सर हसत नसत. हे बोलणं गमतीचं आहे की सूचना, याचा ते विचार करत असत.

मुलं त्यांना चौकट सर म्हणत. ते त्यांना माहीत होतं.

नागपूरच्या एका पेपरात तेव्हा रोज तीन चौकटींची एक चित्रपट्टी येई. तिच्यातल्या माणसाचं नाव मोतीराम. टक्कल, आखूड पायजमा, मागे एक शेळी. चित्र साधंच असे आणि विनोद बहुतेक वेळा फुसका. पेपर नागपूरहून अमरावतीला, तिथून सकाळच्या गाडीने कारंज्याला येई. गाडी येण्याच्या कितीतरी आधी सर स्टँडवर पेपरवाल्या शेठजींच्या टपरीसमोर उभे असत. गठ्ठा सुटला की पहिला पेपर त्यांचा. तिथेच खांबाला टेकून ते खिशातल्या कात्रीने मोतीराम कापून घेत. उरलेला पेपर घडी करून काखेत. बातम्या ते वाचत, पण रात्रीचं जेवण झाल्यावर, आणि फारसा भरवसा न ठेवता.

"बाई, बातमी म्हंजे नुसती तिसरी चौकट," ते मला एकदा म्हणाले. "पूल पडला. मंत्री आला. मानूस मेला. पयल्या दोन चौकटी कोनी छापतच नाही. मंग समजन कसं?"

शाळेत पाण्याच्या टाकीजवळ एक जुना फळा होता. त्यावर खळ लावून सर ती पट्टी चिकटवत. पहिल्या दोन चौकटी उघड्या, तिसरीवर कागदाचं झाकण. खाली खडूने एक प्रश्न. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला येणारी मुलं फळ्यावर खाली उत्तर लिहीत, ज्याला लिहायचं त्याने, नाव न घालता. शाळा सुटताना सर येऊन झाकण उचलत. मुलांचा घोळका वाकून बघे, आणि बहुतेकदा निराश होई.

"हे काय सर? हसूच नाही आलं."

"नाही आलं? चांगलं झालं," सर म्हणत. वर्गात आणि मुलांशी ते पुस्तकी मराठी बोलत. "हसू आलं असतं तर तुम्ही घरी गेला असता. आता विचार करत जाल."

एक पट्टी मला आठवते. पहिल्या चौकटीत मोतीराम आंब्याची कोय पुरतो. दुसऱ्या चौकटीत शेजारी बसतो. तिसऱ्या चौकटीत बसलेलाच आहे, फक्त दाढी वाढली आहे आणि शेळी म्हातारी झाली आहे. सरांचा प्रश्न होता: "मोतीराम वाट पाहत आहे, की नुसता बसला आहे? हे कशावरून ठरवाल?" दहावीची मुलं त्यावर भांडली. एका मुलीने लिहिलं होतं, "वाट पाहणारा रस्त्याकडे बघतो. हा जमिनीकडे बघतो." सरांनी त्या वाक्याभोवती खडूने गोल काढला आणि दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता.

त्यांचा सगळ्यात लाडका प्रश्न मात्र वेगळा होता. तो त्यांनी फळ्यावर कधी लिहिला नाही. शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या वेळी, आपल्याच बोटांकडे बघत ते विचारत: पहिल्या चौकटीतला मोतीराम आणि दुसऱ्या चौकटीतला मोतीराम, हा एकच माणूस कशावरून?

"टकलावरून," गणिताचे शिक्षक म्हणत, आणि खोलीभर हशा होई.

शेठजींना मात्र या प्रश्नात रस होता. ते जैन, कारंज्यातल्या जुन्या घराण्यातले, आणि टपरीवर बसून दिवसभर पेपर वाचणारे. मी एकदा टपरीवर मासिक घ्यायला गेले तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"हा उभा हाय," सर कापलेल्या कागदावर बोट ठेवून म्हणत होते, "आन हा पडला हाय. उभ्यापासून पडल्यापर्यंत कोन गेलं? कोनीच गेलं नाही. उभा होता तो तिथंच राह्यला. पडला तो दुसरा. आपुनच मधातली जागा उडी मारून जोडतो."

"सर, एका बाजूने देखो तर दुसरा. एका बाजूने देखो तर तोच," शेठजी म्हणाले. "दोन्ही बरोबर हाय."

"दोन्ही कसं बरोबर राहीन?"

"तेच तर तुमचं दुखणं हाय ना. एकच पाह्यजे तुमाले. आता पेपरचे पैसे द्या, ते मात्र एकाच बाजूने हाय."

सर पैसे देताना दोनदा मोजत, आणि शेठजी दर वेळी "बस हो सर" म्हणत.

माझ्या स्वतःच्या काळज्या होत्या. अमरावतीला वडिलांचं हृदय अशक्त झालेलं. तास चालू असताना चपराशी दारात उभा राहिला की माझ्या हातातला खडू थांबे. तार आली असेल, असंच वाटे. चपराशी बहुतेक वेळा हजेरीचं काहीतरी सांगायला आलेला असे. सरांच्या ते ध्यानात आलं होतं. एका दुपारी चपराशी येऊन गेल्यावर मी टेबलावर डोकं टेकून बसले होते, तेव्हा ते दाराजवळूनच म्हणाले, "बाई, तुमी सदानकदा तिसऱ्या चौकटीत जाऊन बसता. तिथं अजून कोनी काही काढलंच नाही."

"आणि तुम्ही?" मी जरा रागाने विचारलं. "तुम्ही कुलूप बघायला परत जाता ते?"

"मी भित्रा मानूस हाय बाई," ते म्हणाले. "म्हनून तं रोज झाकन लावतो. दिवसभर न उचलता राह्यलं पाह्यजे, एवढाच माहा अभ्यास."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर इंझोरीला घरी जात. बायको आणि मुलं तिथे होती. एका शनिवारी मलाही अमरावतीला जायचं होतं आणि दोघांच्याही गाड्या उशिरा होत्या. स्टँडवरच्या बाकावर, मध्ये छत्री ठेवून, त्यांनी मला छप्पन सालची गोष्ट सांगितली. तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. वडील, काका, वस्तीतली सगळी माणसं नागपूरला दीक्षेला गेली, त्यांच्याबरोबर तेही.

"माय आली नाही, लहान पोर होतं अंगावर. पन जायच्या आधी तिनं बापाचं धोतर धुऊन देलं, पांढरंफेक. बाप ज्या चपला घालून गेला त्याच घालून आला. तेच धोतर, तोच मानूस. परत येतानी गाडीत मी इचारलं, बाबा, आता आपुन कोन? बाप मने, थांब थोडा, घरी तं पोचू दे."

"मग?"

"मंग घरी पोचलो. मायनं पानी देलं. बापानं उभ्यानंच पेलं. मी पाहून राह्यलो त्याच्याकडं. आधी बाप पाटलाच्या वाड्यावरून जाये तं असा जाये." सरांनी खांदे आत घेतले आणि मान खाली घातली. "त्या दिवशी उभा होता तो ताठ. कवा झालं ते? मंडपात झालं? गाडीत झालं? का पानी पेता पेता? मी संगंच होतो बाई, डोळे उघडे होते माहे, अन् मले दिसलं नाही." त्यांनी दोन बोटं जवळ आणून मध्ये फट ठेवली. "एवढीशी जागा राह्यते. पांढरी. काहीच नसते तिच्यात. अन् तिच्यातच सारं होते."

त्यांची गाडी लागली. ते उठले, पाटी वाचली, कंडक्टरला विचारलं, आणि बसले. खिडकीतून म्हणाले, "ते शोधून राह्यलो. पेपरात रोज दोनदा सापडते, म्हनून पेपरात पाह्यतो."

मी त्या दिवशी अमरावतीला पोचेपर्यंत बाहेर बघत होते. काय बघितलं ते आठवत नाही.

पेपर न येण्याचा प्रसंग आधीही झाला होता. दिवाळीनंतर पेपराला सुट्टी असे, तेव्हा सर फळ्यावर खडूने तीन रिकाम्या चौकटी काढत. फळा कोरा ठेवला तर मुलांना वाटेल सर विसरले. जुनी पट्टी लावली तर ते खोटं. म्हणून चौकटी, आणि खाली काहीतरी प्रश्न. त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं.

त्या बुधवारी आणीबाणीला काही महिने झाले होते. शिक्षकांच्या खोलीत बोलणं कमी झालं होतं. गणिताचे शिक्षक विनोद करण्याआधी दाराकडे बघत. नागपूरकडच्या एका पेपराने अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि त्यावरून बराच त्रास झाला, असं शेठजींनी आवाज खाली आणून सांगितलं होतं. सरांना हे माहीत होतं का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. बातम्या ते वाचत होते. पण ती गोष्ट बातमीत आलीच नव्हती.

अमरावतीच्या गाडीचा पाटा वाटेत तुटला. शेठजींनी सरांना तसं सांगितलं, मी तिथेच होते. सर शाळा भरेपर्यंत थांबले आणि मग रिकाम्या हाताने आले. टाकीजवळच्या फळ्यावर त्यांनी फूटपट्टी लावून तीन सरळ चौकटी आखल्या. खाली लिहिलं: "आज मोतीराम का बोलत नाही?"

मधल्या सुट्टीत मुलांनी उत्तरं लिहिली. घसा बसला. शेळी हरवली. गाडी बिघडली. परीक्षा आहे. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: त्याला बोलू देत नाहीत.

मी ते वाचलं आणि पाण्याचा पेला तसाच ठेवला. सर शेजारी उभे होते.

"सर, हे पुसू या का?"

"काहून? उत्तर हाय ते."

"पुसू या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. त्यांना हळूहळू कळत गेलं. खडूने भरलेला हात त्यांनी शर्टाला पुसला, जे ते कधी करत नसत. मग म्हणाले, "शाळा सुटेपर्यंत ठेवतो मी रोज. आज आधी पुसलं तं लेकरं इचारतील, याच्यात काय चुकलं? अन् मले सांगता येनार नाही."

शाळा सुटेपर्यंत फळा तसाच राहिला. कोणी बघितलं, कोणी कुठे सांगितलं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

सोमवारी साध्या कपड्यातली दोन माणसं हेडमास्तरांच्या खोलीत बसली होती. मला साक्षीला बोलावलं, कारण त्या दिवशी मी स्टँडवर होते. एक माणूस वयस्क होता, पान खाणारा. दुसरा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. सर आत आले आणि बसायला सांगूनही उभे राहिले.

"मास्तर, फळ्यावर काढलेल्या त्या डब्यात काय होतं?" वयस्क माणसाने विचारलं.

"काही नव्हतं जी."

"काही नव्हतं, तं काढला काहून?"

"काही नाही हे दाखवायले."

"कोनाले दाखवायले?"

"लेकरायले."

"लेकरायले काहून दाखवता?"

सर प्रामाणिकपणे विचार करू लागले. हेडमास्तर घाईने मध्ये पडले. "साहेब, मी सांगतो. रोज पेपरातलं कार्टून लावतात हे. माझी परवानगी आहे, अर्ज आहे त्यांचा. त्या दिवशी गाडी आली नाही, पेपर आला नाही. या बाईंना विचारा."

मी सांगितलं की गाडी आली नाही, पेपर आला नाही. माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा सांगितलं.

वयस्क माणूस वाईट नव्हता. त्यालाही हे प्रकरण मिटवून दुपारच्या गाडीने जायचं होतं. तो म्हणाला, "बस मंग. लिहून द्या तसं. पेपर आला नाही म्हनून डबे मोकळे राह्यले, त्याले काही अर्थ नव्हता. खाली सही. सुटलं."

हेडमास्तरांनी कागद पुढे केला. सर बसले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, ते हातातून पडलं, ते उचलायला वाकले. पहिलं वाक्य त्यांनी झरझर लिहिलं. दुसऱ्या वाक्याशी थांबले.

"लिहा," हेडमास्तर म्हणाले.

"हेडसर, पानी पिऊ काय?"

पाणी प्याले. पुन्हा बसले. पेनातून शाईचा थेंब कागदावर पडला. त्यांनी दुसरा कागद मागितला, पहिलं वाक्य पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा तिथेच थांबले.

"मास्तर, लेकरंबाळं हाय ना तुमाले?" वयस्क माणूस म्हणाला.

"हाय जी. दोन."

"मंग?"

सरांच्या कपाळावर घाम होता. पाय टेबलाखाली हलत होता, तो आवाज खोलीत ऐकू येत होता. "पेपर आला नाही, ते लिहिलं. सरकारच्या विरुद्ध माह्या मनात काही नव्हतं, तेही लिहितो. पाह्यजे तं फळा बंद करतो, तेही लिहितो," ते म्हणाले. "पन मोकळ्या जागेले अर्थ नसते, असं मले लिहिता येत नाही."

"अहो, कोण वाचणार आहे तो कागद!" हेडमास्तरांचा आवाज फुटला. "तीन शब्द आहेत सर. अर्थ काही नव्हता. लिहा आणि वर्गावर जा. हात जोडतो."

"मले भेव लागून राह्यलं हेडसर," सर म्हणाले. "लय भेव लागून राह्यलं. पन हे खोटं हाय."

ते कशाबद्दल बोलत होते हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पाणी पिणारा ताठ बाप माझ्या डोळ्यांपुढे उभा होता. मी तोंड उघडलं असतं तरी त्या दोन माणसांना काय समजलं असतं? मोतीराम, शेळी, धोतर, चपला. ते सगळं त्यांनी लिहून घेतलं असतं, आणि गुंता वाढला असता. मी सरांकडे बघत राहिले. तिसरी चौकट अजून काढलेली नाही, हे त्यांचंच वाक्य मनात म्हणत होते आणि त्याने मला काहीही धीर येत नव्हता.

वयस्क माणसाने कागदाची घडी केली. "चला मंग," तो म्हणाला. "साहेबालेच सांगा तुमचा अर्थ."

बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या जीपमध्ये बसल्यावर सरांनी काहीतरी विचारलं. वयस्क माणसाने होकाराची मान डोलावली. सर खाली उतरले, शिक्षकांच्या खोलीत आले, आपल्या कपाटाचं कुलूप ओढून बघितलं, आणि पुन्हा जीपमध्ये जाऊन बसले.

त्यांना फार दिवस ठेवलं नाही. त्या दिवसांत त्यांच्याशी कोण कसं वागलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सुटून आले तोवर संस्थेने त्यांना कमी केलं होतं. ते फळा बघायलाही आले नाहीत. त्यांचं सामान चपराशाने टपरीवर नेऊन दिलं. फळा हेडमास्तरांनी उतरवून कोळशाच्या खोलीत ठेवला होता, आणि टाकीजवळच्या भिंतीवर नुसते खिळे राहिले.

शेठजींनी त्यांच्या गैरहजेरीतले पेपर जपून ठेवले होते. तो गठ्ठा घेऊन सर इंझोरीला गेले. इथे त्यांचा स्वभाव पुन्हा आडवा आला. साचलेले सगळे मोतीराम एका बैठकीत वाचून टाकणं त्यांना पटेना. रोज एकच. दर आठवड्याला शेठजी नवे पेपर इंझोरीच्या गाडीने पाठवत, ते गठ्ठ्याखाली जात. त्यामुळे सर जेवढे दिवस आत होते, तेवढे दिवस कायमचे मागे राहिले. शेठजी म्हणत, "आपला मंगळवार, सरांचा अजून मागच्या महिन्यात हाय."

आणि म्हणूनच तो पेपर मोतीराम बंद करून त्या जागी सिनेमाच्या जाहिराती छापू लागला, तेव्हा ते आम्हाला माहीत होतं आणि सरांना नव्हतं.

मी त्याच सुमारास इंझोरीला गेले. शेठजींनी गाडीत बसवताना बजावलं, "बाई, सांगू नका हां." नोकरी गेलेल्या माणसाला ही बातमी देणं किंवा न देणं, यातलं काय वाईट, ते वाटभर ठरत नव्हतं.

सरांचं घर विहाराला लागून होतं. विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी निळीने तीन चौकटी आखल्या होत्या आणि त्या दिवसाची पट्टी चिकटवली होती, तिसऱ्या चौकटीवर झाकण. शेतावरून येणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. एक म्हणाली, "मास्तर, या मोतीरामले काही कामधंदा हाय का नाही?" दुसरी म्हणाली, "हाय ना, मास्तराचं घर चालवाचं." सगळ्या हसल्या. सरही हसले. ते उन्हाने काळे पडले होते. आता दुसऱ्याच्या शेतावर आणि थोडं स्वतःच्या तुकड्यावर काम करत होते.

त्यांच्या बायकोने मला बसायला पोतं टाकलं आणि चहा ठेवता ठेवता सुरुवात केली. "बाई, तुमीच सांगा आता यायले. तीन शब्द! म्या लिहून देले असते, मले तं लिहिताही येत नाही. आंगठा लावला असता. पन याहीचा अर्थ! अर्थाची भाजी होते काय?"

"होत नाही," सर म्हणाले.

"मोतीरामले बायको नाही, म्हनून त्याचं जमते," ती म्हणाली. "बायको असती तं पयल्याच चौकटीत सरळ केला असता." आणि पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर होता, पण नुसता धूर नव्हता.

चहा झाल्यावर सरांनी मला गठ्ठा दाखवला. तो पातळ झाला होता. त्यांनी तो उचलला, हाताने तोलला, आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमचं तोंड असं काहून झालं?"

"काही नाही सर."

"तुमी पुढचं पाह्यलं."

मी रिकामी कपबशी उचलून बाजूला सारली.

"सांगू नका," ते म्हणाले. गठ्ठा त्यांनी सावकाश कोनाड्यात परत ठेवला. "राहू द्या झाकन. अजून थोडे दिवस हाय ना?"

"आहेत," मी म्हणाले.

"मंग बस."

आणीबाणी उठल्यावर हेडमास्तर स्वतः इंझोरीला गेले. संस्था परत घ्यायला तयार होती. फक्त फळा नको, उगाच जुनं उकरून निघायला नको. सरांनी त्यांना ऊन उतरेपर्यंत बसवून घेतलं, जेवू घातलं आणि म्हणाले, विचार करून सांगतो. हेडमास्तर निवृत्त झाले तोवर सरांचा विचार चालू होता. सरांच्या बायकोने नंतर वस्तीतल्या बायांबरोबर कोंबड्या पाळल्या, मुलीला शिकवलं, आणि वर्षानुवर्षं नवऱ्याशी त्याच एका गोष्टीवरून भांडत राहिली. सर संध्याकाळी विहारात मुलांना फुकट शिकवत. मोतीराम संपल्यावर ते भिंतीवर रोज नुसता प्रश्न लिहीत. चौकटी तशाच राहिल्या. दुसऱ्या कोणाचं चित्र त्यांनी तिथे लावलं नाही.

माझी पुढे बदली झाली, लग्न झालं, वडील गेले. ती तार आली तेव्हा मी वर्गात नव्हते, घरी भाजी निवडत होते. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती तिसरी चौकट अगदी वेगळ्या जागी काढलेली निघाली. सरांना हे लिहून कळवावं असं वाटलं, आणि कळवलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात वडिलांविषयी दोन ओळी होत्या आणि एक प्रश्न होता. तो माझ्यापुरता आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सर गेले. त्यांच्या मुलीने फोन केला, ती आता स्वतः शिक्षिका आहे. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांची बायको ओसरीवर बसली होती, फार वाकलेली. मला ओळखायला तिला वेळ लागला.

"तुमी त्या इज्ञानवाल्या बाई," ती म्हणाली. "यायनं जायच्या आधी दाराची कडी पाह्याले लावली मले. तीनदा उठली मी."

मग आम्ही विहाराच्या बाजूला गेलो. भिंतीला नुकताच चुना दिला होता. पण तीन चौकटींच्या आतली जागा जुनीच होती, पिवळट, खळीच्या डागांची. कडेची निळी रेघ कोणीतरी नव्याने ओढलेली दिसत होती.

"पोरं चुना माराले आले तवा म्हनलं, तेवढं सोडा," ती म्हणाली.

"का?"

"काहून ते त्यायले माहीत होतं. मले इचारू नका. मी नुसती सोडाले लावते."

ती भिंत इंझोरीला आहे. दर वर्षी तिला चुना देतात, आणि त्या तीन चौकटी सोडतात. चौकटींत काही नाही.